उन्हात ठेवलेला डबा

गिरजाबाई आत्राम यांच्या मधल्या नातीचं लग्न झालं, त्याच वर्षी वस्ती उठवण्याचा कागद आला. तेव्हा देशातल्या प्रत्येक उडत्या यंत्राच्या डोळ्यात एका दुर्मीळ मनशिळीचा कण बसवलेला असे. सोमल आणि गंधकाचा हा नारिंगी खडा फक्त या वस्तीमागच्या, आतून जळणाऱ्या कोळशाच्या ढिगावर, वाफेच्या भोकांभोवती धरत असे. ऊन लागलं की त्याचं पिवळं पीठ होई, म्हणून बाया घोंगडी पांघरून तो वेचत.

भर दुपारी खडे नेणाऱ्या कंपनीचे धोटे तो कागद घेऊन अंगणात आले. "आजी, वर्षाच्या खड्यांचा डबा द्या अन् इथं अंगठा लावा."

"अंगठा काहून? मी वाचते आता." गिरजाबाईंनी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचलं, 'येथे मनुष्यवस्ती नाही.' "मंग मी कोण व्हय, बापू?"

"यंत्रांनी वरून पाहिलं. धुरात कोणी दिसलं नाही."

"मंग असे डोळे कशाले पाहिजेत तुम्हाले?" गिरजाबाईंनी डब्याचं झाकण काढलं आणि डबा उन्हात सरकवला.

धोटे पुढे धावले. "झाका, आजी. अन् हात काढा, विष आहे ते."

"पंधरा वर्षं वेचून राहिलो आम्ही. तुले आज आठवलं?"

खडे कडेनं पिवळे पडू लागले. धोट्यांनी घाईघाईनं 'नाही' खोडून 'आहे' लिहिलं आणि खाली सही केली. गिरजाबाईंनी ते अक्षर लावून वाचलं, मगच झाकण बसवलं.

गिरजाबाई त्यानंतर नऊ वर्षांनी, पौषात, त्याच घरात वारल्या.