थांबायची जागा

पुंजाजी या वेळीही थांबले नाहीत.

"कुलूप लाव, चावी मले देऊ नको," हे वाक्य त्यांनी सलग म्हटलं आणि ते बाकावर जाऊन बसले.

दिग्दर्शक विनोदनं संहिता मांडीवर आपटली. "काका, कामरगावची शेवटची गाडी निघून राह्यली काय तुमची? 'कुलूप लाव' म्हटल्यावर थांबा ना. मंग चावीचं म्हणा. सारं नाटक त्या थांबण्यावर उभं हाय."

"मले तिथं थांबायचं नाई."

"सव्वाशे प्रयोग थांबले तुमी!"

"थांबलो. आता नाई थांबत."

वाशिममधल्या एका शाळेच्या सभागृहात ही तालीम चालली होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथंच प्रयोग होता. दिल्लीच्या नाट्यमहोत्सवाची निवड समिती तो बघायला येणार होती. मंडळी अकरा जणांची. त्यांत शिक्षक होते, एक शिंपी होता, जवळच्या मालेगावची अंगणवाडी सेविका रूपा होती. दिल्लीला नाटक न्यायचं म्हणून सगळे दोन वर्षं थांबले होते.

पुंजाजी कामरगावचे. जयंतीच्या जलशात ते पहिल्यांदा उभे राहिले. पुढं नाटकं आली, मग सिनेमे आले. एका सिनेमात त्यांचं काम अकरा मिनिटांचं होतं, पण पोस्टरवर चेहरा त्यांचाच होता. अक्षर मात्र त्यांना कधी आलं नाही. लहानपण दुसऱ्यांच्या म्हशींमागं गेलं. सही तेवढी येत होती. हे मंडळीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि त्यात कुणाला काही वाटत नव्हतं.

संहिता घरी आली की त्यांची बायको लिलाबाई चष्मा लावून वाचायला बसत. त्या सातवी शिकलेल्या. पुंजाजी भिंतीला टेकून डोळे मिटून ऐकत. तिसऱ्या दिवशी सगळं पाठ असे. त्या जसं वाचत तसंच ते पुंजाजींच्या तोंडात बसे. चढ तोच, उतार तोच.

आधी पुंजाजी धडाधड बोलणारे नट म्हणून माहीत होते. या नाटकापासून ते थांबायला लागले. त्यानंतरच्या सिनेमात आणखी लांब थांबले. त्यालाच त्यांना दुसऱ्यांदा राज्य पुरस्कार मिळाला. मुंबईच्या एका समीक्षकानं लिहिलं, की चाळीस वर्षांनी या नटाला शांततेची किंमत कळली. धम्मदीपानं, त्यांच्या मुलीनं, ते कात्रण काचेत लावलं होतं.

दोन महिन्यांपूर्वी लिलाबाई गेल्या. अंगणात तूर निवडत होत्या. निवडता निवडता एका बाजूला कलंडल्या. सुखाचं मरण आलं, असं लोक म्हणाले. त्यानंतर पुंजाजी आज पहिल्यांदा तालमीला आले होते.

विनोद त्यांच्या शेजारी जाऊन बसला. त्यानं आवाज उतरवला. "काका, काकू गेल्या, मले समजते. होत नसन तर उद्याचं राहू द्या. समितीले फोन करतो मी."

"अन् ते परत येतीन काय?" रूपा मागून म्हणाली. "दिल्लीवाले काय आपले मामा हायेत, वाट पाहाले? सासू दारात काठी घेऊन उभी हाय माही. एवढं एक नाटक करून घेऊ दे म्हणून कसंबसं निघाली मी."

कुणीतरी हसलं.

विनोद उठला. त्याचा धीर संपला होता. "ठीक हाय. तुमी थांबत नसान तर उद्या बबलू उभा राहीन तुमच्या जागी. त्याले सारं पाठ हाय."

मंडळीतल्या बबलूनं मान खाली घातली. पुंजाजींनी त्याच्याकडं पाहिलं. रागानं नाही.

"राहू दे उभा," ते म्हणाले. "चांगलं करीन तो. पण त्यालेही तिथं थांबू देऊ नको."

"काहून?"

पुंजाजींनी खांद्यावरचा रुमाल काढला, घडी केली, मांडीवर ठेवला.

"धम्मदीपा आली होती परवा. आईची पेटी उघडली तिनं. लुगड्यांखाली कागद सापडले, अकोल्याच्या दवाखान्याचे. वाचून दाखवले मले. हृदयाची झडप खराब हाय, आपरेशन करा, असं लिहेल हाय त्यात. या नाटकाची संहिता घरी आली ना, त्याच्या महिनाभर आधीची तारीख हाय. बहिणीकडं जातो म्हणून दोनदा अकोल्याले गेली होती ती."

"तुमाले माहीत नव्हतं?"

"कसं राहीन माहीत? घरात आलेला कागद न् कागद तीच वाचे मले. लाइटबिल, लग्नपत्रिका, पेपर. हे तेवढे वाचले नाई."

विनोदनं संहिता उघडली. त्या वाक्यावर बोट ठेवलं. 'कुलूप लाव चावी मले देऊ नको.' ओळ सलग छापलेली होती. मधे ना टिंब होतं, ना जागा सोडलेली.

"काका," तो म्हणाला, "थांबायचं लेखकानं लिहिलंच नाई इथं. मीही सांगतलं नव्हतं. पहिल्या तालमीलेच तुमी ते घेऊन आले होते."

"हो. ती वाचताना तिथं थांबली होती. मले वाटलं, वाक्यच तसं हाय. मी डोळे मिटून बसलो होतो ना." पुंजाजींनी मान वर केली. "तिले दम लागे, विनोद. अन् मी तोच पाठ केला."