फुगे उडवणारा आलेख

"अगं, आलेख इतका नाचवलास तर वजन कोण बघणार?" बाळांच्या वाढीचं ॲप तयार करताना सहकारी मंदार म्हणाला होता. ईशानीने हसून उडवून लावलं. "तुला मूल झालं की कळेल. दमलेल्या आईला जरा गंमत हवी असते."

पुढे तिचीच लेक, रेवा, त्या ॲपमध्ये आली. दर रविवारी तेल-आंघोळ झाली की ईशानी वजन भरायची. फुगे उडायचे, रेष उसळी मारून पडद्याच्या वरच्या टोकाला जायची. सासूबाई म्हणायच्या, "मांड्या बारीक वाटतात गं हिच्या." ईशानी फोन पुढे करायची. "बघा ना आई, कशी चढतेय!"

नवव्या महिन्याच्या लशीला डॉक्टरबाईंनी रेवाचा दंड चिमटीत धरून पाहिला, मग फोन मागितला. "हे फुगेबिगे बंद होतात का?"

ईशानीने सगळे इफेक्ट बंद केले. रेष वर दिसावी म्हणून आपोआप मोठं होणारं चित्र मूळ मापावर आलं आणि पडद्याबाहेर गेलेला निरोगी वाढीचा हिरवा पट्टा दिसू लागला. उसळणारी रेष जवळजवळ आडवी पडली होती. तीन महिन्यांपासून ती त्या पट्ट्याखालीच होती.

"वेळेत आलात, भरून निघेल," डॉक्टरबाई म्हणाल्या. दवाखान्याच्या बाकावर बसूनच ईशानीने ॲपवरच्या सगळ्या आयांना लिहिलं: "इफेक्ट बंद करून रेष पुन्हा बघा. ओळखीत कुणी नवी आई असेल तर आजच तिच्याकडे जा. ती फोन दाखवेल. तुम्ही बाळाला मांडीवर घ्या."