डोहाचा पत्ता

"मासा कोठे बठस, हाई तू बठ्ठा जगले दखाडी दिधं?" तानुबाईने नातीचा मोबाइल खाटेवर आपटला. "भोयानी पोर शेस ना तू? का वाटमा सापडनी व्हती आम्हले?"

कामिनी गप्प बसली नाही. गप्प बसणं त्या घरात कोणाच्या रक्तातच नव्हतं. पृथ्वीच्या पार दक्षिणेच्या टोकाला, बर्फाच्या समुद्रावर हिवाळाभर जहाजातून फिरून ती भडगावला आली होती. जहाजामागे कॅमेरा सोडायचा, समुद्राचा तळ बघत जायचं आणि कुठं कोणता मासा राहतो त्याचा नकाशा करायचा, हे तिचं काम. मोबाइलवर त्याच तळाचा, जगजाहीर केलेला फोटो होता, जागेच्या पत्त्यासकट. चिखलात गोल गोल खळगे, खळग्यांत अंडी आणि अंड्यांवर राखण करत बसलेले बाप मासे.

"आपली मरळ बी बठस पिल्लासजोडे," तानुबाई फणकारली. "तेनाकरता बर्फमा मराले जानं पडस का? आनि दखं ते दखं, वर पत्ता काब्रं दिधा? आते जाळा लई जातीन मेला आनि झाडीसन आनतीन!"

"नकाशावर दिसनं, तरच तठे जाळं बंद करता येस, आजी. जे कोनले माहीतच नही, ते कोन वाचाडी?"

"आम्ही वाचाडं!" तानुबाईने छातीवर हात मारला. "एक बी कागद न काढता वाचाडं!"

खोटं नव्हतं ते. गिरणेच्या काठाला एक काळा खडक होता. वरून पाहिलं तर त्याच्या पायाशी हातभर पाणी. पण खडकाच्या पोटात दोन पुरुष खोल डोह. उन्हाळ्यात नदी आटली की आसपासचा सगळा मासा तिथं येऊन दडायचा आणि पहिल्या पुराबरोबर पुन्हा नदीभर पसरायचा. तेवढंच बी. ते गेलं तर पुढल्या साली नदीत नुसतं पाणी. म्हणून तानुबाईचा नवरा उखर्डू होळीनंतर त्या डोहात जाळं टाकत नसे आणि डोहाचं नाव घराबाहेर काढत नसे. लेकींनाही सांगायचं नाही, लेक उद्या दुसऱ्याच्या घरची. तानुबाईच्या पोटच्या पोरी तशाच सासरी गेल्या. उखर्डू गेला, पण रीत गेली नाही. डोह विचारत आलेल्या भल्याभल्यांना दारातून तसंच परत लावलंय, असं ती तोऱ्यात सांगायची. लावलंही होतं.

कामिनी पुढं काही बोलणार, तोच तिचा बाप गिरधर धापा टाकत आला.

"माय! नदीमा मशीन उतरनं. काळा खडक फोडी ऱ्हायनात!"

तानुबाईने चपला पाहिल्या नाहीत. वैशाखाची वाळू तव्यासारखी तापलेली, त्यातून ती तशीच धावत सुटली. मागून कामिनी.

डोहात पंपाचा पाइप सोडला होता. पाणी भसाभसा बाहेर पडत होतं आणि पाण्याबरोबर मासे. हातभर लांबीच्या मरळी वाळूवर तोंडं उघडत होत्या. मशीनचा लोखंडी पंजा खडकावर पडला आणि एक कपार फुटून खाली आली. तानुबाई सरळ पंजाखाली जाऊन उभी राहिली.

"बंद कर! मुडदा बसो तुना! बंद कर ते!"

ड्रायव्हरने घाबरून मशीन थांबवलं. पंप चालूच होता. त्याचा पाइप तिने पायाने बाजूला लोटला. तेव्हा वाळूच्या कामावर देखरेख करणारा सुकलाल पुढं आला. गावचाच पोरगा. आता डोक्यावर पिवळी टोपी होती, तिला पाहून त्याने ती हातात घेतली.

"अक्का, सरक ना. परवानगी शे. नदी तपासीसनच दिधी. आठे मासा नही, असं व्हतं त्यामा."

"नही?" तिने वाळूतली एक मरळ शेपटीला धरून त्याच्या तोंडासमोर नाचवली. "हाई काय शे मंग? तुना बाप शे का?"

मशीनवरचा पोरगा फिसकन हसला.

"कोनी सांगं, आठे मासा नही म्हनीसन?" तिचा आवाज पलीकडच्या काठावर जाऊन आदळत होता. "कोन भाडखाऊनी सांगं? नाव सांग तेनं! आन तेले मनापुढे! जीभ उपटी हातमा दिसु तेना!"

सुकलालने टोपी या हातातून त्या हातात घेतली. लहानपणापासून तो तिला भ्यायचा.

"जाऊ दे ना, अक्का."

"नाव सांग!"

"गये साल ते तपासनारा उनात ना," तो खाली बघत म्हणाला. "नदीमा मासा कोठे कोठे ऱ्हास, तेना नकाशा कराले. मीच आनात तेसले तुना दारशी. म्हनलं, अक्काले इतकं कोनले ठाऊक नही. तू चहा पाजा तेसले. आनि सांगं, काळा खडकजोडे नुसता दगडगोटा शेत. बठ्ठा मासा पूलखाले ऱ्हास."

कामिनीने आजीकडे पाहिलं. तानुबाईच्या हातातली मरळ केव्हाच गार झाली होती.

लांबवर पूल दिसत होता. त्याच्याखाली कोरड्याठाक वाळूत नवी कोरी पाटी उभी होती: 'माशांची राखीव जागा. खोदकामास सक्त मनाई.'