दुसरी प्रत

“किल्ली द्या,” मनस्विनी म्हणाली.

“न्हाई देत, मॅडम.”

खाली जीप उभी होती. लातूरच्या संगणक विभागाची प्रमुख स्वतः नांदेडला सर्व्हर न्यायला आली होती, आणि इथल्या कक्षाचा प्रमुख गुरुबसप्पा बंद दाराला खुर्ची लावून बसला होता. हुद्दा तिच्याइतकाच, पण ताठा असा, जणू आतलं यंत्र सासऱ्यानं आंदण दिलंय.

मुळात हा दुसरा सर्व्हर आला तोच त्याच्या हट्टापायी. भूकंपग्रस्तांच्या नोंदी संगणकात चढवायचं ठरलं, कारण कागद वाळवीनं खात आणले होते. खरेदी समितीपुढे एक स्वस्तातली सोय होती. मूळ नोंदी आणि त्यांची प्रत, दोन्ही एकाच कपाटात. सगळ्यांनी नंदीबैलासारख्या माना डोलावल्या. एकट्या गुरुबसप्पानं टेबलावर हात आपटला. मूळ लातुरात, प्रत नांदेडला, नाहीतर माझी सही नाही. त्याचं स्वतःचं गाव गणपती विसर्जनाच्या रात्री झालेल्या त्या भूकंपात गेलेलं. त्यामुळे कुणी तोंड उघडलं नाही.

उद्या लातुरात उद्घाटन होतं. मंत्री येणार, नारळ फुटणार. मांडवात दोन्ही सर्व्हर शेजारी शेजारी पाहिजेत, दोन्हींना हार घालायचे, असं मोठ्या साहेबांनी फर्मावलं होतं. मनस्विनीलाही तो खुळचटपणाच वाटला होता. पण हात हलवत परत गेली तर साहेब चारचौघांत तिची सालटी काढतील, हेही तिला ठाऊक होतं. साहेबांवर काढता येत नव्हता तो सगळा राग आता या माणसावर निघत होता.

“लेखी आदेश आहे साहेबांचा,” ती म्हणाली.

“वाचला. रिकामा डबा मांडा अन् घाला हार. मंत्र्याला काय कळून राहिलंय?”

“साहेबांना दिवे लुकलुकताना दाखवायचेत.”

“मग लायटिंगची माळ लावा की.”

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. “चेष्टा करताय माझी?”

“चेष्टा तुमचे साहेब करून राहिलेत. हे दोन्ही एका जागी गेले, तर आमच्या लेकरांनी भूकंपग्रस्ताचा दाखला कुठून आणायचा? नोकऱ्या हायत त्याच्यावर.”

“अहो, कायमचा नेत नाहीये मी!” मनस्विनीचा आवाज चढला. बाहेरच्या टेबलांवरची माणसं वळून बघू लागली. “आज नेते, उद्या संध्याकाळी इथंच आणून ठेवते. एका रात्रीत काय आभाळ कोसळणार आहे?”

गुरुबसप्पा उठला. त्याचा आवाज मात्र चढला नाही.

“धाकटा भाऊ लातुरात शिकवणीला होता, मॅडम. सुखरूप होता. विसर्जनाला एका रात्रीपुरता गावी जा म्हणून मीच त्याला निरोप धाडला होता.”