मागचं पांढरं

ट्रेमधल्या औषधात कागदावर शांताबाईंचा चेहरा उमटला आणि विद्याधर सबनीसला कळून चुकलं, की क्लबच्या स्पर्धेची यंदाची ढाल आपल्याच घरी येणार.

"कुंदा! अगं, लवकर ये. आणि येताना दार लाव."

मोरीची डार्करूम झाली होती. लाल दिव्याच्या उजेडात त्याची बायको चहाचा कप सांभाळत आत आली आणि ट्रेवर वाकली.

"अय्या, शांताबाई हसताहेत."

"तेच तर!"

शेजारच्या शांताबाई दिवसभर गॅलरीत बसून लसूण सोलायच्या आणि सगळ्या मजल्याशी मालवणीत गप्पा हाणायच्या. पण विद्याधरने कॅमेरा डोळ्याला लावला, की पदर तोंडावर ओढून त्यांचा पुतळा व्हायचा. इथे मात्र त्या उरलेसुरले दात दाखवत मनसोक्त हसत होत्या. चेहऱ्यावरची एकेक सुरकुती रेखीव. आणि त्यांच्या मागचं सगळं, कठडा, बदामाचं झाड, समोरची बिल्डिंग, ताक घुसळावं तसं गोल फिरून विरघळलेलं.

"बघ, याला म्हणतात लेन्स," विद्याधर म्हणाला.

चोरबाजारात मिळालेली ती लढाईच्या आधीची जर्मन लेन्स म्हणजे त्याचा जीव की प्राण. तिच्या जोडीचा कॅमेराही जुनाच. त्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावून बघताना पुढचं-मागचं सारखंच स्पष्ट दिसायचं. काय विरघळलं ते प्रिंटवरच कळायचं. गणपतीच्या आधी जिन्यावरून घसरून उजवा हात मोडला, तेव्हा तर आल्यागेल्याला या लेन्सचं पुराण ऐकवणं एवढाच त्याचा उद्योग होता. लेन्स पूर्ण उघडायची, खिडकीतल्या दोन प्रतिमा एकमेकींवर आणायच्या, श्वास रोखायचा, खटका दाबायचा. चहा देता देता कुंदाला सगळं तोंडपाठ झालं होतं.

"कधी काढलात हा?" तिने विचारलं.

"कधी म्हणजे? काढला असेल. अर्धा रोल पावसाळ्यापासून कॅमेऱ्यातच होता. मी काय थोडे फोटो काढतो? लक्षात कोण ठेवतं!"

"खरंच चांगला आलाय?"

"चांगला? अगं, असा फोटो मी जन्मात काढला नव्हता."

कुंदा प्रिंटवर आणखी वाकली. मग तिने शांताबाईंच्या खांद्यामागे बोट दाखवलं. तिथे, गॅलरीच्या टोकाला, एक तिरका पांढरा आकार होता. कडा पार विरघळलेल्या.

"आणि हे मागे पांढरं काय आहे?"

"चादर असेल कुणाची तरी दोरीवर. मागचं विचारायचं नसतं, कुंदा. मागचं विसरायला लावते तीच खरी लेन्स."

"बरं," कुंदा म्हणाली. दारापाशी थांबून तिने विचारलं, "खाली नाव कुणाचं घालणार?"

"शांताबाईंचं कशाला घालू? फोटो काढणाऱ्याचं नाव घालतात. माझं."

ती हसली आणि रिकामा कप घेऊन निघून गेली.

मुलुंडच्या फोटोग्राफी क्लबची स्पर्धा म्हणजे विद्याधरचं जुनं दुखणं. दर वर्षी ढाल चंद्रप्रकाश न्यायचा, तोही नव्या कोऱ्या जपानी कॅमेऱ्याच्या जोरावर. मागच्या वर्षी तर त्याने भर सभेत विचारलं होतं, "काय यार सबनीस, तुझी ती लेन्स म्युझियमवाले कधी नेणार?" सगळे हसले होते. तो हशा विद्याधरच्या कानात वर्षभर वाजत होता. यंदा जिंकलो नाही तर लेन्स विकून टाकीन, असं तो बोलून बसला होता.

प्रदर्शन शाळेच्या हॉलमध्ये भरलं. जुहूहून आलेले परीक्षक एकेका फोटोपुढून सरकत शांताबाईंपाशी आले आणि तिथेच थांबले. मग चष्मा काढून ते माइकवर गेले.

"हसू तर लाजवाब आहे," ते म्हणाले, "पण मला जिंकलं ते मागच्या या पांढऱ्या आकाराने. तो काढून टाका, चित्र लगेच पडेल. हा योगायोग नव्हे, ही नजर आहे. पहिलं बक्षीस, विद्याधर सबनीस!"

टाळ्या पडल्या. चंद्रप्रकाशनेही वाजवल्या, जरा उशिरा. विद्याधर ढाल छातीशी धरून उभा राहिला. पहिल्या रांगेत कुंदा बसली होती. ती सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती. तिच्या शेजारी ठेवणीतलं लुगडं नेसलेल्या शांताबाई.

"दोन शब्द बोला," परीक्षक म्हणाले.

दोन शब्दांवर थांबेल तो विद्याधर कसला! लेन्सचं पुराण झालं, चंद्रप्रकाशला दोन टोमणे मारून झाले. मग तो पांढऱ्या आकारावर आला.

"खरं सांगू? आधी मला दिसली ती चादर. दोरीवर वाळत होती. ती नेमकी हवी तिथे येईल अशा बेताने मी शांताबाईंना बसवलं, वारा पडायची वाट पाहिली, त्यांना हसवलं आणि मगच खटका दाबला. मागचं मला दिसत असतं, मंडळी. म्हणून तर ते विरघळवता येतं."

पुन्हा टाळ्या. शांताबाईंना आपला फोटो जवळून बघायचा होता. कुंदाने त्यांचा पदर धरला, पण त्या उठल्याच. तुरुतुरु जाऊन त्यांनी फोटोला नाक लावलं, आधी स्वतःला पाहिलं, मग मागचं पाहिलं, आणि सगळ्या मजल्याला ऐकू जाणाऱ्या आपल्या आवाजात, माइकच्या अगदी शेजारी उभ्या राहून त्या म्हणाल्या,

"अरे विद्याधरा, चादर खंयची? तुझो प्लास्टराचो हात तो! तू आरामखुर्चेत घोरत होतंस, आणि कुंदा माका म्हणता, 'हलू नका हं शांताबाई, हे उठतील!'"