साठ पोफळी

स्वातंत्र्यानंतर सरकारनं आमच्या खाडीकाठची वाडी सुपारीच्या संशोधनासाठी घेतली. झाडांवर नंबर पडले. वाडीत सुपारी काढणारा म्हातारा विठोबा एकदा चढला की शेंड्यावरूनच झोका घेऊन पुढची पोफळ धरायचा.

"घड कुठल्या झाडाचा ते कळत नाही. प्रत्येक झाडावरून खाली उतरायचं," संशोधनासाठी आलेले सरकारी साहेब म्हणाले.

"साठ पोफळी हायत, साहेब. साठदा चढू? छाती फुटंल माझी."

"संशोधन आहे, विठोबा."

एकेचाळिसाव्या पोफळीवर चढताना त्याचे हात सुटले. तो जागीच गेला.

तेराव्यानंतर त्याचा भाऊ कान्हा कामाला आला. तीच पोफळ चढला, घड कापला आणि झोक्यानं पुढच्या पोफळीवर गेला. साहेब खाली नंबरांची वही घेऊन उभे होते.

कान्हा वरून ओरडला, "सांगा की आता उतरायला!"