एक जूनचा केक

केक एकच होता आणि वाढदिवस तिघांचे होते: साहेबांचा, शिपाईमामांचा आणि तीन महिन्यांपूर्वी बदली होऊन एकटीच या शहरात आलेल्या शालनचा. हॅपी बर्थडेच्या गाण्यात तिचं नाव अगदी शेवटी आलं, तरी ती मनातून हरखली. या ऑफिसात तिचं नाव इतक्या प्रेमानं आजवर कुणी घेतलंच नव्हतं.

तेवढ्यात दारात अण्णा, तिचे वडील. गावाहून न कळवता आलेले, हातात आंब्यांची पिशवी.

"कसला वाढदिवस?" ते तिथूनच म्हणाले. "ही पोरगी ऐन दिवाळीत झाली. शाळेत घालताना गुरुजींनी एक जून ठोकून दिली."

शालनला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं. पण साहेब खो खो हसले. "अण्णा, माझीही तीच गत."

मग काय, अण्णांची मैफलच जमली. लहानपणी शालन म्हशीच्या पाठीवर झोपली आणि थेट शेजारच्या गावात पोचली, तेही सांगून झालं. सगळे त्यांच्याभोवती खुर्च्या ओढून आंबे चोखत बसले. शालन केकची बशी घेऊन मागे उभी राहिली. तिच्यासाठी कुणी खुर्ची ओढली नाही.

निघताना अण्णा जिन्यात थांबले. "माणसं लाख मोलाची आहेत गं. दुपारी कुणासोबत जेवतेस?"

"सगळ्यांसोबत," शालन म्हणाली.

"मग मिटली काळजी. तुझ्या आईनं तेवढंच विचारून यायला सांगितलं होतं."